काळजीची ड्युटी

ज्ञानू लान्सनाईकाच्या रक्षाविसर्जनाला एका पुढाऱ्यानं भाषण केलं. म्हणाला, "या वीर जवानाला पाहून शत्रू थरथर कापत होता." मी मागं बायकांत बसले होते. मला हसू आवरेना. शेजारी त्याची बायको शांता होती, तिनं पदर तोंडावर घेतला. खांदे हलत होते. लोकांना वाटलं, बिचारी रडते आहे. ती रडत नव्हती.

शत्रू सोडा, ज्ञानूला बघून आमच्या गल्लीतलं कुत्रंसुद्धा जागचं उठायचं नाही. गावात फ्लेक्स लावला होता, त्यावर त्याच्या फोटोमागं चार लढाऊ विमानं उडत होती. ज्ञानू जन्मात विमानात बसला नाही. सगळी नोकरी त्यानं रेल्वेनं ये-जा केली, आणि तीसुद्धा दाराजवळ ट्रंकेवर बसून. म्हणून म्हटलं, आपणच लिहून ठेवावं. मी चौथीपर्यंत शिकले आहे, तेवढ्यात जे येतं ते लिहिते. तोंडावर मी त्याला भाऊजी म्हणायची, इथं ज्ञानूच लिहिते. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान होता.

आमचं गाव कडेगावपासून सात-आठ किलोमीटरवर आहे. या बाजूला ऊस, त्या बाजूला ऊस, मध्ये आम्ही. चार घरं सोडली की एक फौजी. आणि रिटायर होऊन आलेला फौजी गावात आल्यावर दोन हुद्दे वर चढतो. नाईक असेल तर हवालदार होतो, हवालदार असेल तर सुभेदार. सुभेदार तर कॅप्टनच्या खाली बोलतच नाही. उलटा एकटा ज्ञानू. सतरा वर्षांत त्याला एक फीत मिळाली होती, आणि ती तो कुणाला वाढवू द्यायचा नाही. दारावर पितळी पाटी लावली होती, तिच्यावर नावाआधी 'लान्सनाईक' आणि नावामागं 'निवृत्त'. एकदा वरच्या आळीतल्या पाटलांनी लग्नपत्रिकेत त्याला सुभेदार छापलं. हा पत्रिका घेऊन त्यांच्या दारात.

"हे खोडा."

"आवं ज्ञानूमामा, पाचशे पत्रिका छापल्यात."

"मग पाचशे ठिकाणी खोडा."

शेवटी पाटलांनी त्याला पेन दिलं. तो दिवसभर त्यांच्या सोप्यात बसून खोडत होता. जेवण तिथंच झालं.

फौजेत त्यानं काय केलं, हे गावातली पोरं मुद्दाम विचारायची. उत्तर ठरलेलं होतं.

"टाकी राखली."

राजस्थानात कुठंतरी वाळूत पाण्याची एक टाकी होती. ज्ञानूनं तीन वर्षं तिच्यावर पहारा केला. बाकीची चौदा वर्षंही असंच काही ना काही राखण्यात गेली, पण टाकी त्याच्या मनात भरली होती.

"आणि काय केलं, मामा?"

"आणि काय करायचं? टाकी हाय की अजून तितं."

"कुणी आलं न्हाई टाकी फोडायला?"

"रोज वाटायचं, आज कोणतरी येणार. कोण आलं न्हाई. एकदा एक उंट आला. त्याला पाणी पाजलं."

पोरं हसायची. तोही हसायचा. पण कुणाच्याही घरी गेला की पाहुणचाराआधी गच्चीवर चढून टाकीला झाकण आहे का बघायची खोड त्याला होती. नव्या सोयरिकीच्या घरीसुद्धा. एकदा फलटणला पोरगी बघायला गेलो होतो, पोहे येईपर्यंत हा गायब. मुलीचा बाप घाबरला, वरून आवाज आला, "झाकण उघडं हाय, चिमणी पडली तर?" सोयरिक झाली नाही, पण ती दुसऱ्या कारणानं.

वेळ तो फौजेतली सांगायचा. सोळा वाजता चहा, वीस वाजता जेवण. शांता म्हणायची, "आपल्या घड्याळात बाराच आकडे हायत. सोळा वाजले की मला सांगा, मी तवा चहा ठेवते." तो खरंच सांगायचा. तीही खरंच ठेवायची.

आता त्या ड्युटीचं सांगते. त्याची सुरुवात आमच्यामुळंच झाली.

माझ्या दिराचं, तात्याचं, सांगलीला हृदयाचं ऑपरेशन होतं. एका टेम्पोत बसून आम्ही बत्तीस जण गेलो. जागा होती म्हणून ज्ञानूही आला. तात्याला सकाळी आठला आत नेलं आणि आम्ही बाहेर बसलो. आमच्या भावकीत एक रीत आहे, ती कुणी सांगत नाही पण सगळे पाळतात. अशा वेळी पहिला घास जो खाईल, त्याला माया नाही. वर्षानुवर्षं बोलतात मग. "तिकडं भाऊ आत होता आन् हिनं भजी खाल्ली." त्यामुळं बत्तीस माणसं उपाशी. खाली कॅन्टीनमधून वड्यांचा वास येत होता आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसलेले. कोण आधी हलतं.

दुपारी एकला माझी थोरली जाऊ पडली. अर्ध्या तासानं तात्याची मेहुणी. दोघींना सलाईन लावलं. मग तात्याचा जावई, चांगला पैलवान गडी, त्याला भिंत धरून बसवावं लागलं. नर्स बाहेर येऊन ओरडली, "तुमचा पेशंट नक्की कोणता? आत एक आहे, बाहेर तीन झाले!"

तेव्हा ज्ञानू उठला. आतापर्यंत तो कोपऱ्यात कॅनव्हासचे बूट काढून, एकावर एक ठेवून, शांत बसला होता.

"इतं काळजीची ड्युटी कुणाची हाय?" त्यानं विचारलं.

"म्हंजे? सगळ्यांचीच की," माझा चुलत सासरा म्हणाला.

"असा पहारा कुठं असतोय का? सगळी पलटण एकदम जागी राहिली तर सकाळी बंदूक धरायला कोण उरंल? एक माणूस जागा, बाकीची झोपलेली. दोन तासांनी दुसरा उठंल. तो उठला की पहिल्यानं खायाचं आन् झोपायचं. न्हाई खाल्लं तर शिक्षा."

कुणाच्या तरी वहीचं पान फाडून त्यानं यादी केली. नाव आणि वेळ. ज्याची ड्युटी, त्यानंच ऑपरेशनच्या दाराकडं बघायचं, नर्सला विचारायचं, देवाचं नाव घ्यायचं, रडायचं असेल तर रडायचं. बाकीच्यांनी खाली जायचं. ड्युटी बदलताना दोघांनी समोरासमोर उभं राहायचं. जुन्यानं म्हणायचं, "नवीन खबर न्हाई. चार्ज दिला." नव्यानं म्हणायचं, "चार्ज घेतला."

लोक हसले. पण माझी सासू तेव्हा ऐंशीच्या पुढची, ती सगळ्यांत आधी उठली. म्हणाली, "मी काय खाणार न्हवते बाई. पण हुकूम हाय." आणि खाली जाऊन तिनं तीन वडे खाल्ले. चौथा पदरात बांधून आणला.

तात्या वाचला. तो डॉक्टरांनी वाचवला, यादीनं नाही. पण गावात यादीचं नाव झालं.

मग कुणाच्याही घरात अडचण आली की ज्ञानू कागद घेऊन हजर. दरवेळी जमायचं असं नाही. भिकू आणि त्याच्या भावाची म्हैस अडली होती, तिथं यानं दोघांची ड्युटी लावली. दोघं भाऊ हुकुमाचे पक्के. ड्युटी बदलायची वेळ झाली, दोघं गोठ्यात समोरासमोर ताठ उभे राहिले. "नवीन खबर न्हाई," भिकू म्हणाला, आणि त्याच्या पाठीमागं म्हैस व्याली. रेडकू पडल्याचा आवाज आला तेव्हा भाऊ म्हणत होता, "चार्ज घेतला." हे ज्ञानूला कुणी सांगितलं की तो रागवायचा नाही. म्हणायचा, "म्हशीनं आपली ड्युटी केली न्हवं? झालं."

आमच्या घरावर वेळ आली ती गेल्या उन्हाळ्याच्या आधीच्या उन्हाळ्यात. माझा धाकटा प्रकाश फौजेत आहे. तिकडं सीमेवर गडबड सुरू झाली. एके दिवशी त्याचा फोन आला, "आई, आता काही दिवस फोन लागणार न्हाई. काळजी करू नका." आणि बंद. जगात इतकं बिनकामाचं वाक्य दुसरं नाही, काळजी करू नका.

घरात मी, आमचे मालक, प्रकाशची बायको स्वाती आणि नववीतली नात श्रेया. आम्ही टीव्हीसमोर बसलो. टीव्हीवर एक माणूस सकाळपासून ओरडत होता. त्याच्या मागं लाल अक्षरं आणि भोंगे. आम्ही दोन दिवस तसेच बसलो. चूल नाही, गोठा नाही. म्हैस हंबरून दमली. स्वातीनं तर तोंडात पाणी घातलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ज्ञानू आला, गच्चीवर जाऊन टाकी बघून खाली आला आणि टीव्हीची पिन काढली.

"आवं भाऊजी, बातम्या..." मी म्हटलं.

"ह्यो बाबा आपल्या यादीत हाय का?" त्यानं टीव्हीकडं बोट केलं. "न्हाई. मग त्यानं कशाला खबर द्यायची? फोन कुठाय?"

माझा फोन स्वातीच्या मुठीत होता. दोन दिवस तिनं तो सोडला नव्हता. ज्ञानूनं नियम केला, फोन ज्याची ड्युटी त्याच्याच हातात राहणार. बाकीच्यांनी त्याच्याकडं बघायचंसुद्धा नाही. यादीत मी, मालक आणि स्वाती. रात्रीची सगळी वेळ त्यानं स्वतःच्या नावावर लिहिली. श्रेया म्हणाली, "मला पण द्या." तो म्हणाला, "शाळंतल्या पोरास्नी ड्युटी न्हाई. तू म्हशीकडं बघ."

स्वातीनं कागद ढकलला. "मला न्हाई जमायचं मामा. माझी वेळ नसताना रडायला आलं तर मी काय करू?"

"रड की. रडायला कुठं बंदी हाय? एकटीनं सगळं करायला बंदी हाय."

त्या दिवशी ती चार घास जेवली.

घरात बायका यायच्या बसायला. प्रत्येकीचं एकच. "काय होत न्हाई बघा, देव हाय." ज्ञानू ओट्यावरून विचारायचा, "कुणाकडनं कळलं?" ती बाई गोंधळायची. "न्हाई, आपलं म्हटलं." "मग म्हायती नसंल तर भाकरी थापा दोन. पीठ मळलेलं हाय." निम्म्या बायका यायच्या बंद झाल्या. उरलेल्यांनी भाकऱ्या थापल्या.

चौथ्या दिवशी मीच त्याला गाठलं. "भाऊजी, खरं सांगा. येईल का माझा प्रकाश?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. "मला काय ठावं, वहिनी?"

हातात पळी होती, ती त्याच्या डोक्यात घालावी असं वाटलं. पण त्या दुपारी मला झोप लागली, चार दिवसांत पहिल्यांदा. बाकीचे सगळे मला धीर द्यायचे आणि त्यांना बरं वाटावं म्हणून मी मान हलवायची. त्याचंच एक काम होऊन बसलं होतं. ज्ञानूपुढं मान हलवावी लागत नव्हती.

आमच्या मालकांची ड्युटी दुपारी. ते फोन छातीवर ठेवून घोरायचे. ज्ञानूनं पकडलं. शिक्षा म्हणून गच्चीवरच्या टाकीला तीन फेऱ्या. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस भर उन्हात फेऱ्या मारतोय आणि वरून बोंबलतोय, "माझं घर, माझी टाकी, आन् शिक्षा बी मलाच!" खाली स्वाती हसली. मग तोंडावर हात ठेवला, जसं काही चोरी केली. ज्ञानू म्हणाला, "हस. तुझी ड्युटी अठराला हाय."

थोरला मुलगा साताऱ्याला एमआयडीसीत कारखान्यात आहे. तो दिवसातून सहा वेळा फोन करून विचारायचा, "काय कळलं का?" प्रत्येक रिंगला आमचं काळीज तोंडात. ज्ञानूनं त्याला एकच वेळ बांधून दिली, संध्याकाळी साडेअठरा, दोन मिनिटं. मालकांच्या ड्युटीत एकदा कुठल्या तरी कंपनीच्या पोरीचा फोन आला, कर्ज पाहिजे का म्हणून. मालकांनी तिला सगळं सांगितलं, प्रकाशच्या जन्मापासून. ती पोरगी म्हणाली, "बाबा, मी पण वाट बघते." आणि दुसऱ्या दिवशी परत फोन करून तिनं विचारलं. ज्ञानूला कळलं तेव्हा तो म्हणाला, "तिला सांगा, ड्युटी पायजे आसंल तर इतं येऊन करायची. फोनवर न्हाई."

पाचव्या दिवशी दारात आमिना येऊन उभी राहिली.

आमिना म्हणजे गल्लीच्या तोंडाला बांगड्यांचं दुकान आहे ती मणेरीण. नवरा जाऊन आठ वर्षं झाली, पोरगी नांदायला गेली. मुलगा साजिद फौजेत जाऊन दोन वर्षं झालेली, तोही तिकडंच होता. घरात ती एकटी. आणि तिचं-माझं तीन वर्षं बोलणं नव्हतं. गटारीवरून. चूक कुणाची ते मी इथं लिहीत नाही, पण माझी नव्हती.

ती आत आली नाही. उंबऱ्याबाहेरून म्हणाली, "लान्सनाईक मामा, मला पण यादीत घ्या. माझ्यानं आता होईना. मी पाच दिवस एकलीच चोवीस तास करत्ये."

मी भाकरी थापत होते. मान वर न करता मी पुढचा गोळा घेतला. ज्ञानूनं खिशातून पेन्सिल काढली आणि तिचं नाव लिहिलं. नेमकं माझ्या नावाखाली. म्हणजे रोज मी तिला चार्ज द्यायचा.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ती वेळेवर आली. आम्ही समोरासमोर उभ्या. ज्ञानू बाजूला, हात मागं बांधून. मी चुलीकडं बघत, ती दाराकडं.

"वहिनी," तो म्हणाला, "फोन वाजला तर कोण उचलणार हाय?"

मी म्हटलं, "नवीन खबर न्हाई. चार्ज दिला."

"चार्ज घेतला," आमिना म्हणाली.

तीन वर्षांत आम्ही एकमेकींशी बोललो ते हे. तिनं आपला फोन आणि माझा फोन दोन मांड्यांवर ठेवले आणि दोन तास हलली नाही. बाराला स्वातीला चार्ज दिला, मी तिच्यापुढं ताट ठेवलं. ती म्हणाली, "आमटीत मीठ जास्त हाय." मी म्हटलं, "तुला नसंल खायाचं तर ठेव." तिनं सगळं खाल्लं.

नवव्या दिवशी फोन आला. माझा फोन. अकरा वाजले होते आणि ड्युटी आमिनाची होती.

मी गोठ्यात होते. तिचा आवाज ऐकला. "कोण? परकाश? आरं परकाशच का?" मी शेणाच्या हातानं पळत आले. फोन तिच्या कानाला होता. तिनं लगेच दिला नाही. विचारलं, "बाबा, आमचा साजिद?" तिकडून तो काहीतरी बोलला. मग तिनं फोन माझ्या हातात दिला.

मी विचारलं, "जेवलास का?"

"व्हय आई."

"काय जेवलास?"

"आई, दोनच मिन्टं हायत."

स्वातीच्या हाती फोन दिला तर ती नुसती रडत राहिली. निम्मा वेळ रडण्यात घालवला. मी तिला तेव्हाच सुनावलं. मग फोन तुटला.

घरात एकदम कालवा. मालक पेढे आणायला टोपी शोधू लागले. श्रेया म्हशीच्या गळ्यात पडली. शेजारपाजारचे आले. आमिना भिंतीला टेकून उभी होती, ती म्हणाली, "लय बरं झालं बघा." आणि घरी गेली. खरं सांगायचं तर ती गेलेली मला कळलंसुद्धा नाही. साजिद आणखी पुढं आहे आणि त्याचं काही ठाऊक नाही, एवढंच प्रकाश तिला म्हणाला होता. हे मला दुपारी ज्ञानूकडून कळलं.

ज्ञानूनं पेढा घेतला, खिशात ठेवला. यादी काढली. "सोळा ते अठरा कुणाची ड्युटी?"

"माझी होती," मी म्हटलं. "आता कशाला? माझा बोलला की."

"तुमचा बोलला."

"मग?"

"यादीत साजिदचं नाव मी कवा खोडलं?"

मला राग आला. नऊ दिवसांनी मी हसले होते, मला पाय पसरून झोपायचं होतं, आणि हा माणूस कागद पुढं धरून उभा. मी म्हटलं, "भाऊजी, तुमाला काळीज हाय का टाकी हाय तितं?" तो यादीत माझ्या नावापुढं बोट ठेवून उभा राहिला.

चार वाजता मी पाय धुतले आणि आमिनाच्या घरी गेले. तीन वर्षांत पहिल्यांदा. ती आतल्या खोलीत आडवी झाली, मी तिचा फोन मांडीवर घेऊन बसले. मला वाटलं होतं, दुसऱ्याच्या पोराची काळजी, ती काय जड जाणार? भिंतीवर साजिदचा फोटो होता, भरती झाला तेव्हाचा, कानाजवळचे केस नीट कापलेले नाहीत. लहानपणी यानं आमच्या दारातली कुंडी फोडली होती म्हणून मी याला बडवला होता. दोन तास मी तेच आठवत बसले.

आता पहारा आमिनाच्या घरात हलला. मी, स्वाती, मालक, ज्ञानू. मालक तिथं झोपले नाहीत. दुसऱ्याच्या घरात लाज वाटते म्हणाले.

बुधवारी गावचा बाजार. आमिना दुकान लावणार नव्हती. म्हणाली, "बाया बांगड्या भरायला येत्यात, माझं हात कापत्यात. फुटतील."

"फुटू द्या," ज्ञानू म्हणाला. "तुमची ड्युटी चौदाला हाय. तवर मोकळ्या हायसा. बाजार बुडवायचा न्हाई."

"मग फोन मी घेऊन जाते."

"दोनी हात बांगड्यात, भवती सगळा कालवा. वाजला तर ऐकू यायचं न्हाई. माझ्याजवळ ठेवा, माझी ड्युटी हाय."

ती कुरकुरत गेली. फोन त्याच्याजवळ राहिला.

त्यानंतर ज्ञानू आणखी आठ महिने होता. गच्च्यांवर चढून झाकणं बघत हिंडायचा. झोपेतच गेला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखा आहे तो बुधवारच. तिकडं एकही शत्रू नव्हता, म्हणून पुढाऱ्याला तो माहीत नाही.

मी लसूण घेत होते. लसूणवाली फलटणकडची, दर बाजारी येते, तिला आमच्या गावातलं कुणी माहीत नाही. भाव जमत नव्हता. तेवढ्यात देवळाच्या बाजूनं आरडाओरडा झाला. मला वाटलं, बैल सुटला. माणसं बाजूला होत होती, आणि त्यांच्या मधून ज्ञानू पळत आला.

त्याला पळताना गावानं कधी बघितलं नव्हतं. गुडघा दुखायचा त्याचा. धोतर एका हातात गोळा करून धरलेलं, एका पायातला बूट कुठंतरी राहिलेला, आणि दुसरा हात सरळ वर, त्या हातात फोन. रेंज जाईल म्हणून उंच धरला असावा. फोनमधून बारीक आवाज येत होता, "हॅलो? अम्मी? हॅलो?" आणि खाली हा बोंबलतोय, "आमिना! ए आमिना! कुठं मेलीस? आमिना!" कोथिंबिरीच्या जुड्या तुडवल्या, वांग्याच्या पाटीला लाथ बसली. भाजीवाला शिव्या देत मागं पळत होता.

आमिना एका बाईच्या हातात बांगड्या भरत होती. ती तशीच उठली, त्या बाईचा हात सोडायचा विसरली. ती बाई, अर्ध्या बांगड्या मनगटात आणि अर्ध्या बोटांवर, ओढत ओढत तिच्याबरोबर आली. ज्ञानूनं फोन आमिनाच्या कानाला लावला. ती नुसती मान हलवत होती, जसं काही पोराला ते दिसतंय. ती बाई म्हणत होती, "आवं, माझा हात. आवं, हात सोडा की." मग तिनं हात ओढायचा सोडला.

ज्ञानू मागं सरकला. माझ्यापासून चार हातांवर, लसणाच्या पोत्याला टेकून तो खाली बसला. बसला म्हणजे पडलाच. आणि रडायला लागला. त्याला रडायची सवय नव्हती, त्यामुळं नीट येत नव्हतं. तोंड उघडं, मध्येच खोकला, मध्येच नाक, परत रडणं. एक पाय अनवाणी, त्याला पालापाचोळा चिकटलेला. बाजार सगळा बघत होता. मी उठले आणि त्याच्या आणि लोकांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. माझं लुगडं नऊवारी, तेवढा आडोसा झाला.

लसूणवाली माझ्या आडून त्याच्याकडं डोकावत होती. तिनं हळूच विचारलं, "ह्या बाबाचा नातू हाय व्हय त्यो, फोनवरचा?"

"न्हाई," मी म्हटलं.

"मग कोण लागतोय?"

"कोण न्हाई. तू वजन कर."